मामाजी घरात आहेत

मंगळवारी दुपारी मी कोकिळाला मारलं, आणि त्यानंतर दोघांसाठी चहा ठेवला. चहात आलं किसून टाकलं, कारण आल्याशिवाय तिला चहा उतरत नाही. किसणीवर आलं घासताना माझ्या छातीत, बरगड्यांच्या आत, बरेच दिवस तुंबलेली मोरी मोकळी व्हावी तसं काहीतरी खळखळून वाहून गेलं होतं. मला बरं वाटत होतं. त्या बरं वाटण्याची भीती नंतर वाटली, चहा गाळून झाल्यावर. मारण्याचं कारण तसं क्षुल्लक होतं. ती खिडकीपाशी पाटावर बसून वाती वळत होती. कापूस संपला तेव्हा तिने हाताशी पडलेला माझ्या शब्दकोशाचा तिसरा खंड उचलला, आणि त्याची पानं उभी फाडून मांडीवर वळू लागली. मी आत आलो तेव्हा तेलाच्या वाटीत सतरा वाती भिजत पडल्या होत्या. मी तिला एक थप्पड मारली. नाही, थप्पड आदल्या महिन्यात होती. मंगळवारी पट्टी होती. कॉलेजच्या ग्रंथालयातून निवृत्त होताना मी घरी आणलेली ती एकच वस्तू, फूटभर लांबीची पोलादी पट्टी, पुस्तकांवर चिकटवायच्या चिठ्ठ्या सरळ फाडायला तिचा उपयोग होत असे. पट्टी आडवी न धरता उभ्या कडेने धरली की जास्त लागते, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. हाताला माहीत होतं.

कोकिळा रडली नाही. मारलेली बोटं तिने काखेत दाबून धरली, दुसऱ्या हाताने पदर डोक्यावरून कपाळाखाली ओढला, भिंतीकडे तोंड फिरवलं आणि भिंतीला म्हणाली, "मामाजीले सांगा, चुकलं म्हणा. कापूस पुरला नाई."

मामाजी म्हणजे तिचे सासरे, माझे वडील, डोमाजी. त्यांना जाऊन पस्तीस वर्षं झाली. आमच्या घरी सून सासऱ्याशी तोंडाला तोंड देऊन बोलत नसे. काही सांगायचंच असलं तर मधे एखादं लेकरू उभं करायचं, लेकरू नसलं तर भिंतीला सांगायचं, आणि सासऱ्यानेही ते ऐकून भिंतीलाच उत्तर द्यायचं. गेल्या होळीपासून कोकिळासाठी मी बहुतेक वेळ मामाजी असतो. सकाळी कधी कधी मी मीच असतो. तेव्हा ती मला अहो म्हणते, दात घासले का विचारते, माझ्या बंडीची गुंडी लावून देते. दुपार चढली की पदर वर जातो. सुरुवातीला मी समजावून सांगायचो, चष्मा काढून जवळून चेहरा दाखवायचो. मग एकदा न्हाणीतल्या आरशात पाहिलं आणि लक्षात आलं, चष्मा काढला की मी जास्तच डोमाजी दिसतो.

त्याच संध्याकाळी पुण्याहून रजतचा फोन आला. आमचा हा एकच मुलगा. तो धामतीरबद्दल विचारत होता. पवनारच्या अलीकडे, धाम नदीपासून थोडं आत, म्हाताऱ्या माणसांसाठी नवीन वसाहत झाली आहे, तिचं नाव धामतीर. रजतने त्यांची पुस्तिका मला पाठवली होती, आणि छापलेलं काहीही मी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, तशी ती वाचली होती. प्रत्येक भिंतीला धरायला दांडा. एकाही टेबलाला टोकदार कोपरा नाही. पलंगाच्या उशाशी घंटी. शाकाहारी जेवण आणि शांत, प्रेमळ, अहिंसक वातावरण. समोर धडधाकट माणसांसाठी बसकी घरं, मागे विसराळू माणसांसाठी वेगळी इमारत, तिचं फाटक बाहेरून उघडणारं. नवराबायकोपैकी एक धड असेल आणि एक नसेल, तर एक पुढे राहणार आणि एक मागे, आणि वाटेल तेव्हा भेट. रजत म्हणाला, बाबा, शनिवारी जाऊन या, दोन दिवस राहून पाहा, आवडलं तर तिथेच सही करून टाका. मग आवाज खाली आणून त्याने जे म्हटलं त्याने माझा कान भाजला. "तुम्ही तरी एकट्यानं किती सहन करणार, बाबा?"

किती सहन करणार. वर्ध्यालगतच्या आमच्या पिपरीतली सगळी गल्ली मला हेच विचारते. सकाळी दूध आणायला गेलो की बायका माझ्यासाठी वाट सोडतात. कारण कोकिळा सगळ्यांना सांगते. गॅसची टाकी आणणाऱ्याला सांगते, मीटर पाहायला येणाऱ्याला सांगते, आणि फोन कानाला लावला की रजतला सांगते, मामाजी मारतेत मले. आणि लोक माझ्याकडे पाहून दुःखाने हसतात. बिचारे सर. चाळीस वर्षं खादी घातली, ग्रंथालयात कधी आवाज चढवला नाही, मुंगीसुद्धा कागदावर घेऊन बाहेर सोडतात, आणि घरात हे ऐकावं लागतं. मी नुसती मान खाली घालतो. लाजाळू माणसाचं मान खाली घालणं किती सोयीचं असतं हे मला माहीत नव्हतं असं नाही. ती खरं सांगते आहे, फक्त नाव चुकते आहे, आणि त्या एका चुकलेल्या नावाआड मी चार महिने उभा आहे, पावसात दुसऱ्याच्या ओसरीला उभं राहावं तसा. कधी कधी मला वाटतं, नाव तरी चुकतं आहे का.

आमचं मूळ घर कारंज्याचं, हमरस्त्याला लागून. वडिलांचं टायरचं दुकान होतं. ट्रक थांबत, ड्रायव्हर खाटेवर पडत, आणि वडील लोखंडी पहारीने टायर चाकापासून सोलून काढत. ते काढताना त्यांचा चेहरा लाल होई आणि ते टायरला शिव्या देत, आईवरून, बहिणीवरून, माणसाला द्याव्यात तशा. फाटक्या ट्यूबच्या पट्ट्या कापून ते खिळ्याला टांगून ठेवत. पट्ट्या बांधायला कामी येत आणि आईला मारायलाही कामी येत. माझी आई धुरपता. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तिला मार बसे. रबराचा आवाज काठीसारखा नसतो. तो ओला असतो, आणि त्याच्या मागे एक शीळ असते. मी आतल्या खोलीत गव्हाच्या पोत्यांवर पालथा पडून वाचत असे. वाचनालयातून आणलेली पुस्तकं, मिळतील ती. आवाज सुरू झाला की मी जास्त वेगाने वाचायचो, आणि खरी गोष्ट ही की मला ऐकू येणं बंद व्हायचं. मी पान उलटायचो. आई एकदा मोठ्याने ओरडली तेव्हा वडील तिला म्हणाले, "बोंबलू नको. पोरगं वाचून राह्यलं." आणि आई गप्प झाली. माझ्यासाठी गप्प झाली. पुढचा सगळा मार तिने माझ्या अभ्यासात व्यत्यय येऊ नये म्हणून मुकाट्याने खाल्ला, आणि मी तालुक्यात पहिला आलो.

कोकिळा लग्न होऊन त्या घरात आली आणि तीन वर्षं राहिली. तिसऱ्या वर्षी एका दुपारी ती डावा कान धरून माझ्याकडे आली. कान सुजून फणसाच्या गऱ्यासारखा झाला होता. भाजीत मीठ जास्त पडलं होतं म्हणे. मी म्हणालो, वडीलधारे आहेत, आपण काय बोलणार. इतकंच म्हणालो असतो तरी चाललं असतं. पण बोलताना माझं बोट पुस्तकात होतं, कुठपर्यंत वाचलं ते हरवू नये म्हणून, आणि तिने त्या बोटाकडे पाहिलं. पुढे वर्ध्याला नोकरी लागली, आम्ही इकडे आलो. मी तिला सोडवून आणलं असं तिने मानलं आणि तसंच ती चाळीस वर्षं सांगत आली. बायकांच्या घोळक्यात ती अभिमानाने म्हणायची, यांनी मला कधी बोट लावलं नाही. ते खरंही होतं. होळीपर्यंत खरं होतं. त्या कानाने तिला अजून कमी ऐकू येतं, आणि मला सगळ्यात जास्त राग येतो तो तिला दुसऱ्यांदा सांगावं लागतं याचा. तिसऱ्यांदा सांगताना माझ्या जिभेच्या मुळाशी लोखंडाची चव येते. मग समोरची बाई दिसत नाही, नुसती मान दिसते, मनगट दिसतं, हाताच्या टप्प्यात असलेलं काहीतरी मऊ दिसतं. मटणवाल्याच्या ओट्यावर सत्तूर पडतो तेव्हा लाकूड आणि हाड यांच्यामध्ये जो एक क्षण असतो, तो मला आता रस्त्याने जातानाही ऐकू येतो, आणि मी थांबून पुढच्या घावाची वाट पाहतो.

रामबाईला कळलं. ती आमच्याकडे धुण्याभांड्याला येते, गोंडांची, आर्वीकडची. बुधवारी तिने कोकिळाचे हात साबणाने धुतले आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सर, हे वळ पट्टीचे हायेत. आश्रमशाळेत मले बी असेच येत." मी पेपरात डोकं घातलं. तिने हात पुसले, तेल चोळलं, बादली पालथी घातली. मग म्हणाली, उद्यापासून ती सकाळी येणार नाही, दुपारी दोनला येईल आणि चारला जाईल. सकाळचं दुसरं घर सोडलं की काय, मी विचारलं. ती म्हणाली, सोडलं नाही, बदलून घेतलं. माझी वेळ तिला माहीत होती. गुरुवारी आणि शुक्रवारी दोन ते चार ती भांडी घासत बसली, घासलेलीच भांडी पुन्हा घासत, आणि मी आतल्या खोलीत पलंगाची कड धरून बसलो. हाताला काम मिळालं नाही की तो कसा दुखतो हे मला त्या दोन दुपारी कळलं. शनिवारी आम्हाला रिक्षात बसवताना तिने कोकिळाची पिशवी आत ठेवली आणि मला म्हणाली, "तिथं सांगजा, सर."

धामतीर फार चांगलं होतं, आणि ते मला अवघड गेलं. तिथे सगळं माणसाला लागू नये म्हणून केलेलं होतं. कप प्लास्टिकचे, जिने नाहीत, दारांच्या कडा रबराने मढवलेल्या, आणि त्या रबराच्या वासाने मला फाटकातच घाम फुटला. व्यवस्थापक योगेंद्र माझा जुना वाचक निघाला. त्याने वाकून नमस्कार केला. कॉलेजात असताना ग्रंथालयात गोंधळ घालणाऱ्यांत तो पुढे असायचा, असं त्यानेच सांगितलं. "सर ओरडत नव्हते, मॅडम," तो तिथल्या समुपदेशक दीपमालाबाईंना म्हणाला, "चष्म्यावरून नुसतं पाहायचे. त्यापेक्षा दोन थोबाडीत परवडल्या असत्या." आणि तो स्वतःच खूप हसला. त्याने मला पुढच्या ओळीतलं घर दाखवलं, पूर्वेची खिडकी, आणि मग पुस्तकांची खोली. भिंतभर रिकामी कपाटं, नव्या लाकडाची. ही तुम्ही लावायची, सर, तो म्हणाला, किल्ली तुमच्याकडेच राहील. मी एका फळीवरून हात फिरवला. इथे दुपार कशी असेल ते मला लख्ख दिसलं. दोन ते चार. कुणी पानं फाडणार नाही. मागच्या इमारतीत दाराआड ती असेल, आणि तिचा राग मला येणार नाही, कारण ती हाताच्या टप्प्यात नसेल. मी बरा माणूस होऊन मरेन. चाळीस वर्षं होतो तसा. एवढा लोभ मला कधी कुठल्या वस्तूचा सुटला नव्हता.

रात्र आणि रविवारची सकाळ बरी गेली. कोकिळाने दोन पोळ्या खाल्ल्या, बाकावरच्या अनोळखी बायकांना त्यांची माहेरं विचारली. जेवणानंतर दीपमालाबाईंनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं. त्या तिच्याशी आधी एकटीशी बोलल्या होत्या, आता अर्ज वाचून दाखवून माझी सही घ्यायची होती. योगेंद्र उभा होता. बाईंचा आवाज शांत होता, हिशेबी नव्हता. नाव, वय, पथ्य, मग खालच्या रकान्यात त्यांनी लिहिलेलं त्यांनी वाचलं. मृत सासरे मारहाण करतात असा पक्का भ्रम. दुपारनंतर भीती वाढते. मागच्या इमारतीत ठेवावं. डॉक्टरांच्या सल्ल्याने दुपारची गोळी सुरू करावी. त्या म्हणाल्या, गोळीने आजींना झोप लागेल सर, हे बोलणं हळूहळू थांबेल. तुम्हालाही किती त्रास होत असेल.

पेन माझ्यापुढे होतं. हे बोलणं थांबेल. मी ते वाक्य दोनदा मनात वाचलं, मजकूर तपासावा तसं. बोंबलू नको, पोरगं वाचून राह्यलं. आता ते गोळीने होणार होतं, इतकाच फरक. माझ्या शेजारी कोकिळा पदर ओढून भिंतीकडे पाहत बसली होती, कारण पावणेतीन झाले होते. ती भिंतीला काहीच सांगत नव्हती. तिचं सगळ्यांना सांगून झालं होतं. खोलीत पंखा फिरत होता आणि मला एकदम वाटलं, हे टेबल उचलून खिडकीवर फेकावं, काचा फुटाव्यात, योगेंद्रच्या त्या आदराने भरलेल्या तोंडात मूठ घालून ते फाडावं, कुणीतरी मला धरावं, पाडावं, पहारीने सोलून काढावं. यातलं काहीच मी केलं नाही. मी म्हणालो, "भ्रम नाही. ते मामाजी नाहीत. मी आहे."

बाईंना कळलं नाही. योगेंद्रला कळलं असं त्याला वाटलं. तो माझ्या खांद्यावर हात ठेवून मायेने म्हणाला, "सर, तुम्ही स्वतःवर काय घेता? घरच्या माणसांना असंच वाटतं, आपणच कमी पडलो. इथं प्रत्येक जण हेच म्हणतो." मी पुन्हा म्हणालो, मी मारतो तिला. तो बाईंकडे पाहून हसला, ओल्या डोळ्यांनी. पाहा मॅडम, म्हणाला, असा माणूस. आणि बाईंनी माझ्याकडे पाण्याचा कप सरकवला. मी आयुष्यात पहिल्यांदा खरं बोललो होतो आणि माझ्या चांगुलपणाने ते गिळून टाकलं होतं. आता एकच उपाय होता. तो काय आहे हे मला कळलं, आणि तो केल्याने तिला काय होणार हेही कळलं, आणि तरी मी केला. ते कबुलीसाठी केलं की हाताची तहान होती म्हणून केलं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मी कोकिळाकडे वळलो आणि उजवा हात वर उचलला.

ती ओरडली नाही. तिने डोळे मिटले, डाव्या हाताने कान घट्ट झाकला, आणि उजवा हात टेबलावर पुढे केला. पालथा. बोटं सरळ आणि जुळवलेली, पट्टी नीट बसावी म्हणून. लवकर आटपावं म्हणून. बोटांच्या पेरांवर मंगळवारच्या चार निळ्या-पिवळ्या रेघा होत्या, एकाच सरळ ओळीत, आखल्यासारखी.

हात खाली घ्या, असं बाई म्हणाल्या. दोनदा म्हणाल्या, कारण तो वरच राहिला होता. त्या उठल्या आणि आमच्या दोघांच्या मधे येऊन उभ्या राहिल्या, आणि कोकिळाच्या पालथ्या हातावर त्यांनी आपला हात अलगद ठेवला, झाकण ठेवावं तसा. योगेंद्र माझ्याकडे पाहत नव्हता. तो आपले स्वतःचे बूट पाहत होता. "सर," बाई पाठमोऱ्याच म्हणाल्या, "तुम्ही बाहेर बसा."

बाहेर ओट्यावर मी बसलो. दार त्यांनी लोटलं होतं, लावलं नव्हतं. आतून कोकिळाचा आवाज आला, आणि तो भिंतीशी बोलण्याचा आवाज नव्हता, माणसाशी बोलण्याचा होता. "मामाजी इथं राह्यतेत का?"

"नाही, आजी. इथं ते नाहीत."

"मंग मले इथं राहू द्या."

बाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात तो अर्ज होता. खालचा रकाना त्यांनी खोडला होता. गोळी नाही, मागची इमारतही नाही, समोरच्या घरात एक सुईणबाई एकट्या आहेत, त्यांच्याजवळ आजी राहतील, डॉक्टर उद्या हात बघतील. त्या माझ्याशी रागाने बोलल्या नाहीत. राग आला असता तर मला तो कुठे ठेवायचा हे कळलं असतं. त्या म्हणाल्या, तुम्हाला इथे घर देता येणार नाही, आणि भेटायचं की नाही ते आजी ठरवतील, सकाळच्या वेळी, जेव्हा त्या तुम्हाला ओळखतात तेव्हा. मी म्हणालो, बरोबर आहे. मग त्यांनी विचारलं, मुलाला तुम्ही सांगता की मी सांगू.

मी फाटकाबाहेर रस्त्यावर जाऊन फोन लावला. रविवार होता, रजतने लगेच उचलला आणि आनंदाने विचारलं, झाली का सही. मी म्हणालो, रजत, तुझ्या आईला मी मारत होतो. मागून टीव्हीचा आवाज येत होता, तो बंद झाला. सुनेने काय झालं म्हणून विचारलेलं मला ऐकू आलं. रस्त्यावरून वर्ध्याची बस हॉर्न देत गेली आणि मी तिला हात केला नाही.

"आई फोनवर म्हणत होती, तेव्हा?" त्याने विचारलं.

"हो."

"मी तिला म्हणायचो, आई, मामाजी कधीच गेले. मी हसायचो, बाबा." तो थांबला. मग ऑफिसातल्या माणसाशी बोलावं अशा आवाजात म्हणाला, "किती वेळा?"

तीन, मी म्हणालो. मग म्हणालो, नाही, थांब, आणि रस्त्याच्या कडेला उभा राहून होळीपासून एकेक सांगायला लागलो.